फॉस्फरसयुक्त पॉलिमर आणि साखळीवरील नियंत्रण
सोलापुरी टॉवेल आणि चादरींवरील आगरोधक प्रक्रियेसाठी व्हिनाइल फॉस्फोनेट या फॉस्फरसयुक्त रेणूचे साधे मुक्त-मूलक पॉलिमरीकरण (अतिक्रियाशील मूलकांच्या मदतीने लहान रेणू जोडून लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, बनवणे) पुरेसे आहे, असे एक मत आहे; त्याला थोडी भर घालावीशी वाटते. सुती कापड तापले की फॉस्फरसपासून तयार होणारे आम्ल सेल्युलोजमधील पाणी काढून घेते आणि ज्वलनशील वायूंऐवजी कोळशाचा थर वाढवते, त्यामुळे निव्वळ लेपासाठी साखळ्यांची लांबी कमीजास्त असली तरी भागते. रोज धुतल्या जाणाऱ्या टॉवेलावर हा लेप टिकवायचा असेल, तर मात्र धाग्याशी रासायनिक बंध किंवा साखळ्यांची आपसांतील जोडणी हवीच.

साखळ्यांच्या लांबीवरील नियंत्रणाची खरी गरज धातूला चिकटणाऱ्या किंवा तापमानानुसार विरघळणाऱ्या पॉलिमरसाठी भासते. डायइथिल व्हिनाइल फॉस्फोनेटवर मुक्त मूलक वापरल्यास साखळी-स्थानांतरामुळे (वाढत्या साखळीवरील मूलक दुसऱ्या रेणूकडे गेल्याने) बहुधा आखूड साखळ्याच हाती येतात. इट्रियम, यिटर्बियम यांसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या संयुगांनी गट-स्थानांतर पद्धतीने (धातूच्या अणूवर एकेक रेणू जोडत) पॉलिमरीकरण केल्यास त्याच मोनोमरपासून, म्हणजे मूळ लहान रेणूपासून, लांब आणि जवळपास सारख्या लांबीच्या साखळ्या मिळतात. मेथॅक्रिलेट गटाच्या फॉस्फोनेटसाठी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून पुढे आलेली राफ्ट पद्धत (गंधकयुक्त संयुगाने साखळीची वाढ ताब्यात ठेवणारी) मला अधिक सोयीची वाटते, कारण एटीआरपी ही दुसरी नियंत्रित पद्धत तांब्याच्या उत्प्रेरकावर चालते आणि मोकळे फॉस्फॉनिक आम्ल त्या तांब्याला बांधून ठेवते. आम्ल एस्टरच्या (आम्ल व अल्कोहोल यांच्या संयुगाच्या) रूपात झाकून साखळी आधी पूर्ण करावी आणि मग ट्रायमिथिलसिलिल ब्रोमाइड व मिथेनॉल यांच्या साहाय्याने ते मोकळे करावे.