एनपी-कम्प्लीट, पण नेमकं कधी?

"झाडात नमुना शोधणं एनपी-कम्प्लीट आहे, नाद सोडा" असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं आहे. (झाड म्हणजे वंशावळीसारखी फांद्यांची मांडणी, तिच्यातला एकेक बिंदू म्हणजे नोड, नमुना म्हणजे त्यात शोधायचं छोटं झाड; आणि एनपी-कम्प्लीट म्हणजे ज्याला सगळ्या बाबतींत झटपट सोडवणारी पद्धत आजवर सापडलेली नाही असा प्रश्न.) भावंडांचा, म्हणजे एकाच नोडच्या मुलांचा, क्रम पाळायचा की नाही, यावर सगळं ठरतं. मधले नोड गाळायची मुभा असलेला शोध, म्हणजे ट्री इन्क्लूजन घ्या. क्रम पक्का असेल तर तो नमुना आणि झाड यांच्या आकारांच्या गुणाकाराइतक्या वेळात होतो. क्रम सोडला की तोच प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो. किल्पेलाइनेन आणि मन्निला या संगणकशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या निबंधात दोन्ही बाजू आहेत.

माझा संबंध आला तो साताऱ्यात आमच्या भाऊकीची वंशावळ जुळवताना. जुन्या फेरफारांतले तुकडे मोठ्या झाडात बसवायचे होते. कुठे मधली पिढीच गाळलेली, थोरला-धाकटा क्रम धड नाही, त्यात आजोबांचंच नाव नातवाला. एका फांदीवर खंडू तीनदा! म्हणजे नेमका अवघड प्रकार. तरी प्रोग्राम अडला नाही, कारण त्याच निबंधातल्या पद्धतीत घातांकी वाढ होते ती फक्त नमुन्यातल्या एका नोडला जास्तीत जास्त किती मुलं आहेत त्यावर, साधारण चाराचा तितवा घात. आमच्या तुकड्यांत कुणालाही सहापेक्षा जास्त मुलं नव्हती, म्हणजे ४०९६ पट. पिढ्या कितीही वाढल्या तरी हा आकडा तोच राहतो. त्यामुळे 'एनपी-कम्प्लीट' ऐकून सोडून देण्याआधी आपल्या नमुन्यातली सगळ्यात रुंद फांदी, म्हणजे एका नोडला जास्तीत जास्त किती मुलं, तेवढी मोजा.