पदपथ दुरुस्तीची निविदा : सर्वांत कमी दर शेवटी स्वस्त पडतो का?

बार्देशचा कनिष्ठ अभियंता

नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. गेल्या हंगामात आम्ही पदपथ आणि गटारांवरील काँक्रीटची झाकणे यांच्या दुरुस्तीसाठी एकच निविदा काढली. चौघांनी दर भरले आणि सर्वांत कमी दर अंदाजपत्रकाहून 27 टक्के खाली आला. काम मार्चमध्ये सुरू झाले, मेअखेर अर्ध्यावर थांबले आणि पहिल्या मोठ्या पावसात बाजारपेठेतील पेव्हर (पदपथावर बसवलेले काँक्रीटचे ठोकळे) असे खचले की एका चेंबरचे झाकण तीन बोटे वर राहिले. तिथे रोज कोणी ना कोणी ठेचकाळतो. आता कंत्राटदाराने जादा कामाचे बिल लावले असून निविदेत वाचलेली रक्कम त्यातच जाणार असे दिसते. यंदा पुन्हा निविदा काढायची आहे. काम सर्वांत कमी दरवाल्यालाच द्यावे लागणार हे गृहीत धरले, तर आमच्या हातात नेमके काय उरते?

निवृत्त साहाय्यक अभियंता, फोंडा

आपल्या हातात बरेच काही आहे, पण ते दर उघडण्याच्या दिवशी नव्हे, परिमाणे, म्हणजे कोणते काम किती करायचे ते, लिहिण्याच्या दिवशी असते. साबांखात, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यात, मी अनेक वर्षे निविदा उघडल्या. पदपथ दुरुस्तीचे काम बिघडते ते बहुधा एकाच कारणाने : कार्यालयात बसून 'अंदाजे 2,000 चौरस मीटर' असे लिहिले जाते आणि जागेवर कोणी फिरलेले नसते. अनुभवी कंत्राटदार मात्र फिरून आलेला असतो. कोणती बाब वाढणार आणि कोणती घटणार हे त्याला आपल्याआधी कळलेले असते, आणि तो दर त्याप्रमाणे भरतो.

हे एका उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. निविदेत दोनच बाबी धरा : पेव्हर काढून पुन्हा बसवणे 2,000 चौरस मीटर आणि काँक्रीट 50 घनमीटर. पहिला कंत्राटदार पेव्हरसाठी 250 रुपये आणि काँक्रीटसाठी 9,000 रुपये दर भरतो. त्याची बेरीज 9,50,000 होते. दुसरा 300 आणि 7,500 भरतो, त्याची 9,75,000. काम पहिल्याला मिळते. प्रत्यक्षात गटारांच्या कडा अपेक्षेहून जास्त फुटलेल्या निघतात, काँक्रीट 80 घनमीटर लागते आणि पेव्हरचे काम 1,600 चौरस मीटरवर आटोपते. आता पहिल्याचे बिल 11,20,000 रुपये होते, तर दुसऱ्याचे 10,80,000 झाले असते. निविदेच्या दिवशी पालिकेने 25,000 रुपये वाचवले आणि शेवटी 40,000 जास्त मोजले. यात कोणाची लबाडी सिद्ध करता येत नाही, कारण दर उघड आहेत आणि परिमाणे पालिकेनेच लिहिलेली आहेत.

म्हणून निविदेआधी प्रभागवार फिरा. प्रत्येक फुटलेल्या जागेला तैलरंगाने क्रमांक द्या, लांबी-रुंदी वहीत घ्या, फोटो काढा आणि ती यादी निविदेला जोडा. लोखंडी सळईने पेव्हरवर ठोकत चला. जिथे बद्द आवाज येतो तिथे खालची वाळू वाहून गेलेली असते. अशी जागा वरून धड दिसली तरी ती यादीत असायलाच हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे साऱ्या पदपथाला एकच पेव्हर लावू नका. पेव्हरसाठीच्या आयएस 15658 या भारतीय मानकात हलक्या रहदारीसाठी 60 मिलिमीटर जाडी व काँक्रीटच्या ताकदीची एम-35 प्रत आणि मध्यम रहदारीसाठी 80 मिलिमीटर व एम-40 अशी विभागणी आहे. दुकानांच्या दारात, जिथे मालाचे टेम्पो सर्रास पदपथावर चढतात, तिथे 80 मिलिमीटरची वेगळी बाब ठेवा. आपले झाकण वर राहिले ते बहुधा चेंबरभोवतीचा भराव नीट ठोकून बसवला नाही म्हणून. त्या वीतभर पट्ट्यात कॉम्पॅक्टर (भराव दाबण्याचे यंत्र) फिरत नाही, हाताने धुमसावे लागते, आणि हे काम निविदेत शब्दांत लिहिलेले नसेल तर ते कोणीही करत नाही.

लहान कंत्राटदार, डिचोली

अभियंतासाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, पण दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. 27 टक्के खाली दर भरणारा प्रत्येक जण चलाख नसतो. कित्येकदा तो यंत्र आणि माणसे रिकामी बसू नयेत म्हणूनच भरतो आणि मग अडकतो. शहरभर विखुरलेल्या अर्ध्या-अर्ध्या चौरस मीटरच्या ठिगळांना सलग 500 मीटरचाच दर लावणे अन्यायाचे आहे. ठिगळ केवढेही असले तरी टेम्पो, कटर, दोन गवंडी आणि मिक्सर तिथे न्यावाच लागतो. एक चौरस मीटरपर्यंत, एक ते दहा आणि दहाच्या वर असे तीन दर मागा. मग आम्हाला एका बाबीतले नुकसान दुसऱ्या बाबीत लपवावे लागणार नाही.

वेळेचेही पाहा. निविदा फेब्रुवारीत निघते, कार्यादेश एप्रिलमध्ये हातात पडतो आणि जूनमध्ये पाऊस दारात उभा असतो. ओतलेल्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचे, तर मे महिन्यात टँकरशिवाय ते होत नाही आणि टँकरची बाब निविदेत कधीच नसते. निविदा जुलैमध्ये काढून चतुर्थीपूर्वी उघडली, तर दसऱ्यानंतर काम सुरू होऊन मार्चच्या आत संपते. आणि बिले वेळेवर द्या. वर्षभर पैसे अडकतात हे ठाऊक असल्यामुळेच कित्येक चांगली माणसे पालिकेच्या निविदेकडे फिरकत नाहीत.

लेखा विभागातून

दोन मुद्दे थोडक्यात मांडतो. काम तांत्रिक निकषांत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दरवाल्याला द्यायचे असते. त्यामुळे निकष आधीच नेमके लिहिणे आपल्याच हातात आहे. 'तत्सम कामाचा अनुभव' याची व्याख्या केली नाही, तर केवळ डांबरीकरण केलेला कंत्राटदारही पात्र ठरतो. दर अवास्तव कमी असेल, तर दरांचे पृथक्करण, म्हणजे तो दर कसा काढला याचा हिशेब, लेखी मागवण्याची आणि जादा सुरक्षा ठेव घेण्याची अट निविदेतच ठेवावी. दर उघडल्यावर ती घालता येत नाही. वाटाघाटीचा मोहही टाळावा. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2007 च्या परिपत्रकानुसार निविदेनंतरची वाटाघाट अपवाद म्हणूनच आणि तीही फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी करायची असते.

गेल्या वर्षीच्या जादा बिलाबाबत इतकेच सांगतो की मापन पुस्तिकेत (कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत) काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी आणि जादा कामाची लेखी मंजुरी आहे की नाही, हे आधी तपासा. तोंडी आदेश असेल, तर वाद लांबेल.

बार्देशचा कनिष्ठ अभियंता

सर्वांचे आभार. मापन पुस्तिका आजच पाहिली. 14 जागांपैकी फक्त पाच जागांच्या आधीच्या नोंदी सापडल्या, त्यामुळे तो वाद लांबणार हे उघड आहे. ठिगळांच्या तीन दरांची कल्पना मुख्याधिकाऱ्यांना पटली. एक शंका राहते : वीज खाते आणि पाणीपुरवठा विभाग नंतर तोच पदपथ खोदणार असतील, तर दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, कोणावर मोजायचा?

निवृत्त साहाय्यक अभियंता, फोंडा

ज्या जागा दुसऱ्या खात्याने खोदल्या, त्या खोदकामाच्या परवान्याची प्रत जोडून यादीतून वगळायच्या, आणि उरलेल्या जागांची जबाबदारी कंत्राटदारावर कायम ठेवायची. त्यासाठीच क्रमांक घालायला सांगितले. आणि निविदा काढण्यापूर्वी दोन्ही खात्यांना पत्र लिहून त्यांच्या येत्या वर्षाच्या खोदाईची यादी मागवा. उत्तर नाही आले, तरी जावक क्रमांक आपल्या फाइलमध्ये राहतो.