संध्याकाळची भूक खरी की ताणाची?

प्रश्न: ऑफिस सुटलं की स्टेशनबाहेरच्या वडापावकडे पाय आपोआप वळतात. ही भूक पोटाची की ताणाची, कसं ओळखावं?

उत्तर १: आधी घड्याळ बघा. डबा 1 वाजता आणि आता 7 वाजले असतील तर भूक खरीच! खरी भूक हळूहळू चढते, पोळीभाजीवरही भागते. ताणाची अचानक उसळते आणि तिला तळलेलं किंवा गोडच हवं असतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, म्हणून ही ओढ. 5 वाजता मूठभर फुटाणे खाऊन ठेवा.

उत्तर २: वडापाव खायचाच तर गर्दीत उभ्याने नको. बसा, मोबाइल खिशात ठेवा. तोंडातला घास गिळेपर्यंत पुढचा उचलू नका. चटणीतला लसूण, पावाचा मऊपणा कळू दे. अर्ध्यावर थांबून पोटाचा अंदाज घ्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात, घाईत तीच हुकते. पूर्ण बंदी मात्र नको, तिने ओढ वाढते.

प्रश्नकर्ता: घरी मधुमेहाचे रुग्ण आहेत, त्यांनाही थांबायला सांगू?

उत्तर १: इन्शुलिन चालू असताना घाम, थरथर जाणवली तर अजिबात नाही, ती रक्तातली साखर फार उतरल्याची खूण असू शकते. लगेच 3 चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी शुगर तपासा.