मस्टर्ड गॅसपासून कॅन्सरचं औषध?? खरंय का हे

शंकासुर: फॅमिली ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकलंय की १९४३ साली इटलीतल्या बारी बंदरात मस्टर्ड गॅसचं जहाज फुटलं आणि त्यातून योगायोगाने किमो सापडली. ज्याने अंगावर फोड येतात तेच सलाईनमधून देतात?? मला थाप वाटतेय, नीट माहितीये का कोणाला

औषधी_डबा: थाप नाही, पण मामांचा क्रम उलटा झालाय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या औषधशास्त्रज्ञांनी १९४२ लाच, म्हणजे बारीच्या आधी, नायट्रोजन मस्टर्ड एका लिम्फोसार्कोमाच्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पेशंटला दिलं होतं (मूळ विषात सल्फर असतं, त्याच्या जागी यात नायट्रोजन). गाठी भराभर विरघळल्या, मग परत आल्या आणि तो काही वाचला नाही. युद्धामुळे सगळं गुपित, छापून आलं थेट १९४६ ला. बारीत जखमींच्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या दिसल्या त्याने या कल्पनेला जोर मिळाला, एवढंच. हे रसायन डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटवून टाकतं, पेशीला विभागताच येत नाही, मग ज्या पेशी भराभर वाढतात त्या आधी मरतात, गाठ पण आणि केस पण. आणि तो गॅस नाहीच हो, तेलकट द्रव आहे, मोहरीशी संबंध फक्त वासापुरता.

रेवा_क: काकूला सायक्लोफॉस्फामाइड चालू होतं, तेही याच घराण्यातलं. नर्स जाडे ग्लोव्हज घालून सलाईन लावायची आणि वर काकूला सांगायची पाणी प्या, अजून प्या, कारण औषध लघवीवाटे जाताना मूत्राशय जाळतं. काकू म्हणायची हिला हात लावायची भीती आणि माझ्या नसेत सोडतेय 😅

जुना_कंपाउंडर: नर्व्ह गॅसचंही तसंच आहे की. सरीन हा नर्व्ह गॅस शरीरातल्या ज्या एन्झाइमला धरतो त्यालाच मायस्थेनियाची (स्नायू थकण्याचा आजार) पायरिडोस्टिग्मिन गोळी धरते, फरक इतकाच की गोळी काही तासांत सोडते आणि सरीन आपणहून जवळपास सोडतच नाही. १९९५ ला टोकियो मेट्रोत सरीन सोडलं तेव्हा लोक सांगत होते की सगळं अंधारल्यासारखं दिसतंय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. उतारा अ‍ॅट्रोपिन, जे डोळ्यात घातलं की बाहुली उलट मोठी होते. पण बाहुलीकडे बघून डोस ठरवायचा नसतो, छातीतला कफ सुकला का ते बघायचं असतं.

शंकासुर: आयला, म्हणजे मामा अर्धे बरोबर. १९४२ वालं ग्रुपवर टाकतो, आता रात्रभर ऐकावं लागणार