उंदरातलं जनुक काढून टाकलं, म्हणजे त्याचं काम कळलं?

पेशीपुराण (धागाकर्ता)
इंटरल्यूकिन-७ (प्रतिकारपेशींना निरोप देणारं एक प्रथिन) च्या रिसेप्टरबद्दल, म्हणजे तो निरोप झेलणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाबद्दल, वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: या रिसेप्टरच्या जनुकाचं काम म्हणजे टी आणि बी या प्रतिकारपेशी घडवणं. पुढे काही नाही, पूर्णविराम. हे वाक्य मुळात आलं नॉकआउट, म्हणजे जनुक काढून टाकलेल्या, उंदरांवरून. 1994 मध्ये या रिसेप्टरची अल्फा साखळी (त्याच्या जोडलेल्या भागांपैकी एक) नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्यात टी आणि बी दोन्ही पेशींचा दुष्काळ होता. 1998 मध्ये याच जनुकात दोष असलेली मुलं सापडली. त्यांच्यात टी पेशी जवळजवळ नव्हत्या, पण बी पेशी होत्या! म्हणजे अर्धं वाक्य माणसाला लागूच होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की "काम" या शब्दाआधी "उंदरात" हा शब्द लिहायलाच हवा.

ठोकताळा
असहमत. टी पेशींचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं, ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि बी पेशींवर मात्र उद्गारचिन्ह. शिवाय त्या मुलांच्या बी पेशी संख्येने असल्या तरी टी पेशींच्या मदतीशिवाय त्यांना धड अँटिबॉडी बनवता येत नाहीत. आजारी मुलापुरता फरक किती उरला?

पेशीपुराण
आजाराच्या दृष्टीने थोडाच उरला, मान्य. पण प्रश्न जनुकाच्या कामाचा आहे. माणसाच्या अस्थिमज्जेत इंटरल्यूकिन-७ च्या संकेतावाचून बी पेशी तयार होतात, प्रौढ उंदराच्या मज्जेत होत नाहीत. ही किरकोळ बाब नव्हे.

जिना_बंद
तुम्ही दोघंही नावाला भुललात. अल्फा साखळी एकट्या इंटरल्यूकिन-७ ची नाहीच, टीएसएलपी नावाचा दुसरा सायटोकाइनही (इंटरल्यूकिनसारखंच निरोप देणारं प्रथिन) तीच वापरतो. आणि तिची जोडीदार गॅमा साखळी तर इंटरल्यूकिन-२, ४, ७, ९, १५ आणि २१ अशा सहा जणांत सामाईक. सहा बिऱ्हाडांचा एकच जिना पाडला, तर कोणाचा खोळंबा कशामुळे झाला हे कसं सांगणार? रिसेप्टरचा नॉकआउट आणि सायटोकाइनचा नॉकआउट शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय "काम" हा शब्द तोंडातून काढू नये.
जाता जाता: गॅमाच्या बाबतीत माणूस आधी आला. मुलग्यांमधल्या एक्स-गुणसूत्राशी जोडलेल्या तीव्र प्रतिकारक्षमता-अभावाचं मूळ तिथे आहे हे 1993 मध्ये कळलं, नॉकआउट उंदीर 1995 चे. आणि तिथेही तेच: मुलांत बी पेशी असतात, उंदरांत फार कमी.

ठोकताळा
जिन्याचं उदाहरण आवडलं, पण त्यातून नॉकआउटच्या विरोधात काही सिद्ध होत नाही. इंटरल्यूकिन-२ घ्या. 1976 पासून त्याची ओळख टी पेशी वाढवणारा घटक अशी, कारण काचेच्या बशीत तो तेच करायचा. मग त्याचं जनुक काढलेल्या उंदरांत टी पेशी नसायला हव्या होत्या. झालं उलटंच: पेशी होत्या, आणि त्या बेफाम होऊन स्वतःच्याच आतड्यावर उठल्या. रिसेप्टरची अल्फा साखळी, म्हणजे सीडी२५, काढली तरी तोच तमाशा. कारण नियंत्रक टी पेशींना, म्हणजे लगाम धरणाऱ्यांना, ही साखळी लागते. 1995 मध्ये जपानी संशोधक साकागुची यांनी त्या पेशी उंदरांतच सीडी२५ वरून ओळखल्या, आणि 2025 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. सीडी२५ नसलेल्या माणसांतही प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. बशीवर विसंबून राहिलो असतो तर आजही "वाढवणारा घटक" हेच घोकत बसलो असतो.

पेशीपुराण
हे उदाहरण जोरदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून इंटरल्यूकिन-७ चं वाक्य बरोबर ठरत नाही.

लठ्ठंभारती
"उंदरात" लिहून तरी काय होणार? कुठल्या उंदरात? लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर रचनेने सायटोकाइन रिसेप्टरांच्याच कुळातला. त्यातला "डीबी" हा बिघाड 1966 मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेने नोंदवला. तो सी५७ब्लॅक-केएस या जातीत असला की उंदीर लठ्ठ होतो आणि त्याला जबर मधुमेह होतो, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी झिजत जातात. तोच बिघाड सी५७ब्लॅक-६ मध्ये असला तर लठ्ठपणा तसाच, पण स्वादुपिंड कंबर कसून इन्सुलिन वाढवतं आणि मधुमेह सौम्यच राहतो. दोन जाती, दोन्ही उंदीरच. सांगा आता, मधुमेह रोखणं हे या रिसेप्टरचं काम आहे की नाही?

जिना_बंद
+१. हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं.

ठोकताळा
म्हणजे आता प्राणी, जात, वय, पेशी सगळं लिहायचं? वाक्य संपायच्या आधी वाचणारा झोपेल.

पेशीपुराण
झोपू दे. लठ्ठंभारती, तुमच्यामुळे माझा "उंदरात" हा एक शब्दही अपुरा ठरला. मूळ धाग्यात "सी५७ब्लॅक-६ जातीच्या प्रौढ उंदरात" अशी दुरुस्ती करायला निघालो होतो, पण 1994 चे ते उंदीर नेमक्या कुठल्या जातीचे होते हे आधी तपासतो.