‘क्लायमेट’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा : हवा, हवामान की वातावरण?

प्रश्न (अनुवादक, नाशिक)

द्राक्ष बागायतदारांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेचा मी सध्या अनुवाद करत आहे. मूळ मजकुरात ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत. मी मात्र दोन्हींसाठी ‘हवामान’ लिहीत गेलो आणि ‘हवामान दररोज बदलते, पण हवामान बदलण्यास अनेक दशके लागतात’ असे निरर्थक वाक्य तयार झाले. हिंदीतला ‘जलवायू’ घ्यावा, शासनाप्रमाणे ‘वातावरणीय’ लिहावे, की आपल्याकडे आणखी नेमका शब्द आहे?

उत्तर (निवृत्त भूगोल शिक्षिका)

नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि शालेय भूगोल तो वर्षानुवर्षे शिकवत आला आहे. एखाद्या ठिकाणची त्या-त्या वेळची स्थिती म्हणजे ‘हवा’ आणि तिची दीर्घकाळची सरासरी म्हणजे ‘हवामान’. पर्जन्यमान, तापमान, राहणीमान या शब्दांतला ‘मान’ म्हणजे माप, आणि माप काढायचे तर बरीच वर्षे पाहावे लागते. जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांचा काळ धरते. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो, हे विधान हवामानाचे आहे. २०२५ साली तो २६ मेलाच पोहोचला, ही त्या वर्षीची हवा. कोकणचे हवामान सम व दमट, देशावरचे विषम व कोरडे, असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्याही एका दिवसाविषयी बोलत नसतो. ‘थंड हवेचे ठिकाण’ हा एक रूढ अपवाद आहे, कारण तिथे ‘हवा’ हवामानाच्या अर्थाने येते.

उत्तर (कृषी पदवीधर, सांगली)

हा भेद मला मान्य आहे, तरी व्यवहारात तो टिकलेला नाही. १८७५ साली स्थापन झालेले हवामान खाते रोज ‘हवामानाचा अंदाज’ देते, तो उद्या-परवाच्या पावसाचा असतो. हवामान आधारित फळपीक विमा योजनेतही ठरावीक काळातला पाऊस आणि तापमान पाहूनच भरपाई ठरते. शिवाय नुसते ‘हवा’ लिहिले तर बागेत उभ्या असलेल्या माणसाला वारा आठवेल. म्हणून ‘दैनंदिन हवामान’ आणि ‘दीर्घकालीन हवामान’ असे लिहावे. शब्द वाढतील, पण घोटाळा होणार नाही.

उत्तर (भाषेचा अभ्यासक, पुणे)

‘जलवायू’ची रचना फारसी ‘आबोहवा’सारखी आहे : आब म्हणजे पाणी. मराठीत याच घडणीचा ‘हवापाणी’ हा शब्द आहे. ‘तिथले हवापाणी मानवले नाही’ या वाक्यात तो बराचसा क्लायमेटच्या अर्थाने येतो, फक्त तांत्रिक लेखनात तो घरगुती वाटेल. ‘वातावरण’ मात्र मी टाळेन, कारण ते पृथ्वीभोवतीच्या वायूंच्या आवरणाचे नाव आहे. राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाच्या नावामुळे तो शब्द या अर्थाने रुळत असला, तरी आवरण आणि त्यातली सरासरी स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाक्षणिक अर्थासाठी तो जरूर वापरावा : ‘गावात निवडणुकीचे वातावरण आहे’ हेच स्वाभाविक मराठी आहे, तिथे ‘हवामान’ परके वाटते. ‘क्लायमेट’ ज्यावरून आला, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ उतार असा होता. सूर्यकिरणांच्या तिरकेपणावरून पृथ्वीचे पट्टे पाडले जात, आणि त्या पट्ट्यांचे नाव पुढे तिथल्या हवामानाला मिळाले.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हवा आणि हवामान यांतला फरक मुंबईच्या पावसाच्या उदाहरणाने सांगेन आणि पुढे तो शेवटपर्यंत पाळेन. जिथे ‘हवा’ने वाऱ्याचा भास होईल, तिथे ‘त्या दिवसाची हवा’ असे लिहीन. अडलेले वाक्य आता असे झाले आहे : ‘बागेवरची हवा दिवसागणिक बदलते, नाशिकचे हवामान बदलण्यास अनेक दशके लागतात.’