लष्करातले लैंगिक अत्याचार मोजायचे कसे: तक्रारींवरून की पाहणीवरून?

रानजाई
अमेरिकी संरक्षण खात्याचा अहवाल आला की दरवेळी तीच बोंब: तक्रारी वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले. २०१२ साली तिथे ३,३७४ तक्रारी झाल्या. त्याच साली सैनिकांची गोपनीय पाहणी केली, तर वर्षभरात अत्याचार सोसलेल्यांचा अंदाज निघाला २६,०००. २०१८ मध्ये तक्रारी ७,६२३ आणि अंदाज २०,५००. तक्रारी दुपटीच्या वर गेल्या, प्रत्यक्ष प्रकार घटले! तक्रारींच्या आकड्यातून फार तर जवानांचा वरिष्ठांवरचा विश्वास कळतो. कमांडरला "तक्रारी कमी करून दाखवा" म्हणायचं म्हणजे पोरींची तोंडं बंद करायला सांगायचं. भरवसा ठेवायचा तर पाहणीवरच.

सुभेदार_सातारा
ताई, मी निवृत्त फौजी. तक्रारीला नाव असतं, तारीख असते, चौकशी होते. पाहणीला काय असतं? २०१२ च्या त्या पाहणीला जेमतेम २४ टक्क्यांनी उत्तर दिलं. ज्याला त्रास झाला तोच फॉर्म भरणार, आणि त्यावरून म्हणे २६ हजार! शिवाय 'नकोसा लैंगिक संपर्क' या एकाच सदरात बलात्कारही आला आणि कपड्यांवरून लावलेला हातही. असल्या बेरजेवर अख्ख्या फौजेची बदनामी करू नका.

दशांश
सुभेदारसाहेब, २४ टक्क्यांचा मुद्दा रास्त आहे, पण तो दोन्हीकडून लागू होतो. ज्याच्यावर सगळ्यात वाईट प्रसंग आला, तो कित्येकदा फॉर्म उघडतही नाही. नोकरी सोडून गेलेले तर या मोजणीत नसतातच.

व्याख्येवरून ओरड झाली म्हणून २०१४ मध्ये काम रँड या बाहेरच्या संस्थेला दिलं. साडेपाच लाखांवर लोकांना विचारलं. काहींना जुने प्रश्न, बाकीच्यांना नवे, लष्करी कायद्यातल्या व्याख्येला धरून: शरीराच्या कुठल्या भागाला, कशाने, बळ वापरलं की धमकी दिली. वाचतानाच संकोच वाटावा असे प्रश्न. एकूण अंदाज जवळपास सारखेच आले, जुन्याने १८,९०० आणि नव्याने २०,३००. पण आतला तपशील फार वेगळा. पुरुषांवरचे गंभीर अत्याचार जुन्या फॉर्मात फारसे उमटतच नव्हते. चौघांनी धरून केलेलं रॅगिंग हा लैंगिक प्रकार आहे असं त्या पोराला वाटतच नाही. नव्या फॉर्मने 'छळायला किंवा अपमान करायला केलं का' हेही विचारलं.

सुभेदार_सातारा
नव्या पोराची मस्करी कुठल्या पलटणीत होत नाही?

रानजाई
कपडे उतरवून धरून ठेवणं ही मस्करी? असो.

नीराकाठ
रानजाई, तुमचा पाहणीवरचा विश्वास मला जरा जास्त वाटतो. २०२१ मध्ये अमेरिकी खात्याने प्रश्न पुन्हा बदलले आणि अंदाज गेला ३५,९०० वर. आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका, असं खातंच सांगतं. गज असा मधेमधे बदलला तर काय मोजणार? कॅनडात हे काम लष्कराबाहेरची सरकारी सांख्यिकी संस्था करते. नियमित दलात वर्षभरात अत्याचार झालेल्यांचं प्रमाण २०१६ ला १.७ टक्के, २०१८ ला १.६, २०२२ ला ३.५. निदान वाढलं एवढं तरी ठामपणे म्हणता येतं.

आणि देशभराच्या पाहणीतून एखाद्या तळावर काय चाललंय ते कळत नाही. २०२० मध्ये व्हनेसा गियेन या सैनिक मुलीच्या खुनानंतर फोर्ट हूड या अमेरिकी तळावर चौकशी समिती गेली. ५०३ महिलांना समोर बसवून विचारलं. अत्याचाराच्या ९३ हकिकती विश्वासार्ह वाटल्या, त्यांतल्या फक्त ५९ नोंदलेल्या होत्या.

रानजाई
संस्था बाहेरचीच हवी, मान्य. मग आपल्याकडे? खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, २०२२ पासून मुली आहेत. मोजणी आत्ताच सुरू केलेली बरी, नाही का?

दशांश
पहिल्या तुकडीत मुली सतरा. २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडल्या. सतरा जणींत निनावी फॉर्म निनावी राहतो का? स्क्वाड्रन (प्रबोधिनीतला गट) आणि सेनादल एवढे दोन रकाने भरले की कोण ते कळतं. तिन्ही दलं एकत्र धरूनच आकडा काढावा लागेल आणि भरलेला फॉर्म थेट राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात जावा लागेल, संरक्षण मंत्रालयात नाही.

सुभेदार_सातारा
सांख्यिकीवाले करणार असतील तर माझी ना नाही. पण लावलेला हात आणि बलात्कार वेगळ्या रकान्यात. दोन्हींची बेरीज करून पेपरात छापणार असाल, तर माझा विरोध आहे तसाच.